बे की बा?

आमच्यात मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्लाह करतात. माझ्या धाकट्या मुलीचा तो दिवस जून 2020 मध्ये आला. मार्चपासून शाळा बंद होत्या आणि मिरजेतल्या आमच्या घरात बाहेरचं कुणी येत नव्हतं. दादीनं तिच्या डोक्यावर ओढणी ठेवली, मी पाटीवर अलिफ काढला, तिनं तो गिरवला. घरातल्या घरात बत्तासे वाटले. अब्बांनी फोनवरून दुआ दिली आणि म्हणाले, “अब इसका मदरसा घरच है.”

अब्बा आयुष्यभर उर्दूचे शिक्षक होते. मी बीएड केलेली, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी. घरच्या शाळेला यापेक्षा चांगले मास्तर कुठे मिळणार, असं मलाही वाटलं. पुढच्या तीन महिन्यांत मी जे केलं ते माझ्या वर्गात दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला बाजूला घेऊन समजावलं असतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे लहान मुलांना घरी शिकवू पाहणाऱ्या आया मला हमखास एकच प्रश्न विचारतात, “बाजी, अभ्यासक्रम कोणता घेऊ?” त्यांना मी आधी माझी चूक सांगते.

त्या वेळी माझ्यासमोर तीन ढीग होते. पहिला बालभारतीच्या पुस्तकांचा. ही पुस्तकं स्वस्त असतात, संकेतस्थळावरून फुकट उतरवूनही घेता येतात. शिवाय गणितासारख्या विषयाचं पुस्तक उर्दूत आणि मराठीतही मिळतं, धडा तोच, चित्र तेच. दोन भाषांच्या घराला ही फार मोठी सोय आहे, पण तिचा उपयोग करणारे पालक मला क्वचितच भेटतात. दुसरा ढीग परदेशात मुस्लिम कुटुंबांसाठी तयार केलेल्या इंग्रजी संचाचा. एका मैत्रिणीनं तो छापून बांधून दिला होता. सुबक कागद, रोजचं वेळापत्रक, प्रत्येक अक्षरापुढे दीनी शब्द. त्याचं वर्ष सप्टेंबरात सुरू व्हायचं आणि डिसेंबरच्या पानांवर बर्फ पडायचा. तिसरा ढीग घरचाच, म्हणजे कायदा, अब्बांच्या जुन्या उर्दू वाचनमाला आणि तख्ती.

मी तिन्ही ढीग घेतले. सकाळी इंग्रजी, दुपारी मराठी, असरनंतर उर्दू आणि मगरिबनंतर फोनवर हाफिजसाहेबांकडे कायदा. चार वर्षांच्या मुलीला तीन लिप्या. दोन डावीकडून उजवीकडे, तिसरी उजवीकडून डावीकडे, आणि त्या तिसरीतही उर्दू वेगळी, अरबी वेगळी.

गाडी अडली ती इथेच. दुपारी मी शिकवायची, “ही बे, ही ते, ही से.” संध्याकाळी हाफिजसाहेब तेच अक्षर दाखवून म्हणायचे, “बा, ता, सा.” दोघंही बरोबर. उर्दूत नाव बे, अरबीत बा. उर्दूत से, सीन आणि स्वाद या तिघांचाही उच्चार ‘स’च होतो. ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय यांचा ‘ज़’च होतो. पण कायद्यात यातल्या प्रत्येक अक्षराचा उच्चार वेगळा करायचा असतो, स्वाद जड आणि सीन हलका. मोठ्या माणसाला हे एकदा सांगितलं की पुरतं. चार वर्षांच्या मुलीला इतकंच कळतं की अम्मीला ‘बा’ म्हटलं तर चूक आणि हाफिजसाहेबांना ‘बे’ म्हटलं तरी चूक.

एके संध्याकाळी तिनं विचारलं, “अम्मी, बे है की बा?” मी म्हटलं, “दोन्ही.” ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं अक्षर दाखवलं की बोलणंच बंद केलं. बोट ठेवायची, ओठ हलवायची, आवाज नाही. हळूहळू जेवतानाही गप्प. आमच्या घरात अखंड बडबडणारी हीच एक होती. आठवडाभर मी ‘लाडानं करतेय’ म्हणून दुर्लक्ष केलं. एका रात्री दादी मला म्हणाली, “पोरी का मुँह बंद कर दी तू.” ती रागानं बोलली नव्हती, त्यामुळे जास्त लागलं.

सकाळी मी तिन्ही ढीग कपाटावर ठेवून दिले.

महिनाभर काहीच शिकवलं नाही, फक्त ऐकलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी जिच्यासाठी तीन भाषांचं वेळापत्रक आखलं होतं, ती मुलगी त्यातली एकही भाषा बोलत नव्हती. ती दादीची दखनी बोलायची. “मेरेकू नको.” “मैंच करती.” “कायकू?” रुसणं, भांडणं, स्वप्न सांगणं, सगळं दखनीत. आम्ही शिकले-सवरलेले लोक या बोलीला बिघडलेली उर्दू समजतो. मीही वर्गात कित्येक मुलांचं ‘नको’ खोडून ‘नहीं चाहिए’ केलेलं आहे. खरं तर दखनीतला हा ‘नको’ आणि जोर देणारा ‘च’ मराठीतून आलेला आहे. म्हणजे माझ्या मुलीच्या तोंडात उर्दू आणि मराठी आधीच एकत्र नांदत होत्या आणि मी त्या वेगळ्या करून वेगवेगळ्या तासांना शिकवत होते.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. दादी रोज एक गोष्ट सांगायची. मी ती तिच्याच शब्दांत, दखनीत, देवनागरीत मोठ्या अक्षरांत वहीत उतरवायची. मुलगी चित्र काढायची. पंधरा-वीस गोष्टींची वही झाली, तेच तिचं पहिलं पुस्तक. स्वतःच्या तोंडची वाक्यं कागदावर पाहून ती शब्द ओळखू लागली. त्यात सर्वात आधी ओळखला तो ‘नको’.

लिपी देवनागरीच का, हे मला अब्बांना समजावून सांगावं लागलं. ते खूप दुखावले होते. “उस्तानीकी बेटी और पहले क-ख-ग?” माझं म्हणणं असं होतं की देवनागरीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक आवाज आणि प्रत्येक आवाजाला एक अक्षर आहे. ‘जात’ शब्दातला ‘ज’ ‘ती जात आहे’ मध्ये वेगळा आणि ‘जातपात’ मध्ये वेगळा, असे थोडे अपवाद सोडले तर जे लिहिलं ते वाचायचं. उर्दूत ज़बर, ज़ेर, पेश सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्यानं शब्द आधीच ओळखीचा असावा लागतो. ‘बे’ एकटी असताना पसरट ताटलीसारखी असते आणि शब्दाच्या सुरुवातीला तिचा फक्त एक दात आणि खालचा नुक्ता उरतो. ज्या मुलाच्या कानात उर्दूचे शब्द भरपूर साठलेले आहेत त्याला हे जमतं. म्हणून उर्दू आधी कानाला, डोळ्याला नंतर. अब्बांना हे पटलं नाही. पण ते रोज रात्री फोनवरून तिला उर्दूत एक कहाणी ऐकवू लागले, आणि मला हवं होतं ते तेवढंच.

कायदा वर्षभर थांबवला. हाफिजसाहेबांनी मोठ्या मनानं समजून घेतलं. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत सांगितलं आहे की प्रत्येक पैगंबर आपल्या लोकांच्याच भाषेत पाठवला गेला. मी त्यांच्याशी बोलताना या आयतीचा आधार घेतला होता. ते हसून म्हणाले, “आयत आमचीच आणि आम्हालाच ऐकवता.” लहान सूरा ती दादीच्या मांडीवर ऐकूनच पाठ करत राहिली.

मराठी तिनं शेजारच्या काकूंच्या ओट्यावर उचलली. एकदा रिकामा डबा परत द्यायला गेली आणि म्हणाली, “काकू, डबा खाली आहे.” काकू ओट्याखाली डबा शोधत बसल्या. त्या दिवसापासून आम्ही घरात एक खेळ सुरू केला. दोन्ही भाषांत दिसायला सारखे, पण अर्थानं वेगळे शब्द शोधायचे. खाली म्हणजे रिकामं आणि खाली म्हणजे तळाशी. सही म्हणजे बरोबर आणि सही म्हणजे दस्तखत. दफ्तर म्हणजे कचेरी आणि दप्तर म्हणजे पाठीवरचं. मग सोयरे-धायरेही सापडले: कुर्सी आणि खुर्ची, काग़ज़ आणि कागद, हाज़िरी आणि हजेरी. हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, पण यातून ती भाषेविषयी विचार करायला शिकली.

पहिलीचं सगळं वर्ष तिनं घरीच काढलं. रोज दोन तास, त्याहून जास्त नाही. गणिताला बालभारती, बाकी वही, भाजीबाजार आणि ओटा. इंग्रजी फक्त गाण्यांपुरती. ज्या पालकांना कागदपत्रांची काळजी वाटते त्यांना सांगते, शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या, शाळेत नसलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष पातळ्याही आहेत. दार उघडं असतं. आम्हीही तिला पुढे थेट दुसरीत, जवळच्या मराठी शाळेत घातलं.

उर्दूचं काय झालं? ती सहा वर्षांची असताना दादी काही महिने सोलापूरला मोठ्या दिरांकडे गेली. मुलीनं तिला पत्र लिहिलं, दखनीत, देवनागरीत, तीन ओळी. दिरांनी फोन केला, “अम्माकू ये पढने नैं आता.” दादीला फक्त कुरआन आणि त्याच्या आधारानं थोडी उर्दू वाचता येते, देवनागरी नाही. मुलगी रडली. मग अब्बांची तख्ती स्वतः काढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “दादीवाला लिखना सिखा.”

सात आठवड्यांत ती दुसरं पत्र लिहू शकली. त्यात एक ‘स’ सीनऐवजी स्वादनं लिहिला होता आणि निम्मे नुक्ते गायब होते. मी दुरुस्त करायला पेन उचलला आणि परत ठेवला. दादीनं ते पत्र जुजदानात, कुरआनशेजारी ठेवलं आहे.

तिची किंमतही सांगायला हवी. आज दहाव्या वर्षी तिचं मराठी वाचन भरधाव आहे आणि उर्दूचं हळू. अब्बांना तिचं अक्षर दाखवताना मला अजून संकोच वाटतो. उर्दू शाळेत शिकलेल्या तिच्या मोठ्या भावाचा हात कितीतरी सुंदर आहे. मी निवडलेला रस्ताच बरोबर होता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तुमच्या घरात आजी-आजोबा खरोखरच उर्दूत बोलत असतील तर उर्दूच आधी घ्या. कोकणात घरी कोकणी असेल तर तिच्यापासून निघा.

म्हणून “बाजी, अभ्यासक्रम कोणता?” असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारते. तुमचं मूल कोणत्या भाषेत रुसतं? आणि त्याला लिहायला आलं तर ते पहिलं पत्र कुणाला लिहील? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पैसे खर्च करू नका.

आणि हो, आता तिला कुणी विचारलं की बे की बा, तर ती म्हणते, “पढानेवाला कौन है, वो पहले बताओ.”