इंग्रजी मंडळाचा जानेवारी

मिरजगावातल्या आमच्या इंग्रजी मंडळाचे जानेवारीचे बेत ठरताहेत. वक्तृत्व, पाठांतर, एखादं नाटुकलं.. नेहमीचंच. मी मात्र ३ जानेवारीचा, सावित्रीबाईंच्या जयंतीचा हट्ट धरलाय. "त्यांचा नि इंग्रजीचा काय संबंध?" असं एकाने विचारलंच! अहो, १८५४ च्या 'काव्यफुले'त त्यांनी इंग्रजी शिकायचा आग्रह धरलाय. शिक्षिकेचं प्रशिक्षणही आपल्या नगरलाच, मिस फरार यांच्याकडे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेची सवय.. असो.)

स्पर्धेत तीच चार मुलं फाडफाड बोलतात, वस्तीवरच्या पोरी मागे गप्प. म्हणून त्या दिवशी भाषणं नाहीत. प्रत्येकीने आपल्या घराबद्दल चार वाक्यं सांगायची, अडलं तर मराठीत. करडाला इंग्रजीत काय म्हणतात, हे एकीने आत्ताच विचारून ठेवलंय!