साखळ्यांची टोपली

अमेरिकेत लेकीकडे गेलं, की डिस्नेलँड नि हॉलिवूड सगळेच दाखवतात. मला मात्र लक्षात राहिलं ते लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीनाचं हाहामोंग्ना पार्क. ओकच्या झाडीतलं हे मैदान १९७५ सालचं, डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान!

गोल्फ म्हटलं की श्रीमंती थाट आठवतो. इथे ना काठी, ना चेंडू. प्लॅस्टिकची तबकडी भिरकवायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत खांबावरच्या टोपलीत घालायची. टोपलीवर साखळ्या लोंबतात. तबकडी त्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. ही युक्ती एड हेड्रिक यांची. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून तबकड्याच बनवल्या, बरं का!

नवखीनं ‘पटर’ ही संथ तबकडी घ्यावी. पातळ कडेची वेगवान तबकडी नव्या हाताला दाद देत नाही. पायांत बंद बूट हवेत, आणि साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. तिकडे बहुतेक सार्वजनिक मैदानांवर पैसेही पडत नाहीत.

लग्नानंतर आपण खेळ पाहिले ते मुलांचे, काठावर बसून, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. इथे माझ्या पाचव्या फेकीला साखळ्या खळखळल्या, तेव्हा बाटली जावईबापूंच्या हातात होती. मैत्रिणींनो, तुम्हाला कुणी ‘खेळतेस का?’ विचारलं, तर आधी घड्याळाकडे पाहू नका!