पुस्तकाचं घर

दोस्तांनो, ‘बेत सेफेर’ म्हणजे काय, सांगा पाहू! ‘बेत’ म्हणजे घर, ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक. तुम्ही म्हणाल, ग्रंथालय. छे! हिब्रू भाषेत ही चक्क शाळा!

माझी अलिबागची बालमैत्रीण बेने इस्राएल. लग्नानंतर ती इस्रायलला गेली. तिच्या नातवाला मराठी येत नाही. मग फोनवर त्याच्याशी बोलणार कसं? म्हणून मीच हिब्रू शिकायला घेतली.

आपण ‘राजवाडा’ म्हणतो, म्हणजे आधी राजा, मग वाडा. हिब्रूत उलटं. आणि पहिला शब्द दुसऱ्याला टेकताना बरेचदा रूपही बदलतो, बरं का! एरवी घर म्हणजे ‘बायित’, जोडीत मात्र ‘बेत’. केक म्हणजे ‘उगा’, चॉकलेटचा केक ‘उगात शोकोलाद’. ‘बानिम’ म्हणजे मुलगे, आणि इस्राएलचे मुलगे ते ‘बेने इस्राएल’! लहानपणापासून ऐकलेलं नाव, पण त्यात व्याकरण दडलंय हे कुठं ठाऊक होतं?

ठरावीक शाळेबद्दल बोलायचं, तर ‘हा’ लागतो दुसऱ्या शब्दाला: ‘बेत हा-सेफेर’. नातू मात्र बेधडक ‘हा-बेत सेफेर’ म्हणतो. तिथे बोलताना पुष्कळजण तसंच म्हणतात. आजीचं पुस्तकी हिब्रू ऐकून त्याला हसू येतं.

परवा त्यानं विचारलं, ‘‘शाळा शब्दाचा अर्थ काय?’’ मी म्हटलं, ‘‘संस्कृतात शाला म्हणजे घरच. पाठशाळा म्हणजे धड्यांचं घर.’’

तो म्हणाला, ‘‘मग तुम्ही धडे कुठे टाकले?’’