उसनी कूस

आपल्याकडे बाईला पारखून घेण्याची रीत फार जुनी. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे खाता खाता तिला चार पावले चालायला सांगत. पाय अधू नाही ना, एवढे पाहायचे असे. सुईत दोरा ओवायला लावीत, नजर कळे. एखादी धोरणी आत्याबाई वेणी खरी की गंगावन, तेही चाचपून घेई. या साऱ्या परीक्षेत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. ‘मुली, तुझ्या मनात काय आहे?’

ते दिवस गेले असे आपण म्हणतो. पारख मात्र गेलेली नाही; तिने आता पांढरा डगला घातला आहे, एवढेच. दुसऱ्याचे मूल आपल्या पोटात वाढवायला निघालेल्या बाईच्या तपासण्यांचे कागद हाती आले, तेव्हापासून हा विचार माझी पाठ सोडीत नाही.

आमच्या गिरीजला, शेजारच्या वाडीतली एकतीस वर्षांची, दोन मुलांची आई, एका संध्याकाळी पिशवीभर कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्या नणंदेचे गर्भाशय आजारपणात काढावे लागले होते. बीज नणंदेचे आणि तिच्या नवऱ्याचे, कूस हिची, असे घरात ठरत होते. “ताई, तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता. हे मराठीच आहे, पण मला काही उमगत नाही,” ती म्हणाली. संमतिपत्र मराठीत होते खरे. पण मराठी असे, की मलाही दोनदा वाचावे लागले.

ओटीवर बसून आम्ही एकेक कागद लावला. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब. एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, व्हीडीआरएल. गर्भाशयाची सोनोग्राफी आणि त्याच्या मुखाची तपासणी. शिवाय मागच्या दोन्ही बाळंतपणांची सारी हकिकत : सिझर झाले होते का, रक्तस्राव किती झाला, दाब वाढला होता का.

“आमच्या माहेरी मधुमेह आहे. तो बाळाला जाईल का हो?” तिने विचारले.

वंशाने जाणार नाही, मी म्हटले. या कामात कूस देणाऱ्या बाईचे स्त्रीबीज वापरायला कायद्याचीच मनाई आहे. गर्भ बाहेर तयार होतो आणि मग तिच्या पोटात रुजवतात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी परळच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तीच ही विद्या. पण नऊ महिन्यांत तुझी स्वतःची साखर वाढली, तर त्रास बाळालाही आणि तुलाही. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर गरोदर बाईला पंडुरोगी धरतात. बाळंतपणात रक्त गेले की अशी बाई पार खचते.

तिने क्षणभर विचार केला. “म्हणजे ही तपासणी बाळासाठी, की माझ्यासाठी?”

एवढा नेमका प्रश्न माझ्या वर्गात वर्षानुवर्षे कोणी विचारलेला नाही. काही तपासण्या बाळासाठी आहेत, काही तिच्यासाठी. पण मुलीची पारख होई ती सासरच्या सोयीसाठी. इथेही ‘कूस चांगली आहे ना’ एवढेच पाहायचे असेल, तर सुईदोऱ्यात आणि सोनोग्राफीत फरक तो काय?

२०२१चा सरोगसीचा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याआधी आपल्या देशात हे काम पैसे घेऊन होई आणि गरजेपायी बाया तयार होत. आता मोबदला बंद. औषधोपचाराचा खर्च आणि बाईच्या नावाने छत्तीस महिन्यांचा विमा, एवढेच देता येते. बाई पंचवीस ते पस्तीस वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचे मूल असलेली हवी, आणि आयुष्यात हे एकदाच. सगळे चांगलेच आहे. पण पैसा वर्ज्य झाला की शोध घरातूनच सुरू होतो. पैशाची ओढ गेली. नात्याची भीड उरली. “घरचंच तर काम आहे, असं सासूबाई म्हणतात. नाही कशी म्हणू?” हे शब्द कोणत्याही रक्ततपासणीत सापडत नाहीत.

कायद्याने शरीराबरोबर मनाच्या तंदुरुस्तीचाही दाखला मागितला आहे. गर्भ रुजवण्याआधी केव्हाही संमती परत घेण्याची मुभा दिली आहे. मी तिला तो मजकूर बोटाने दाखवला आणि डॉक्टरांशी एकटीनेच बोलायला सांगितले. पुढे तिने काय ठरवले, ते तिचे तिच्यापाशी.

मूत्रपिंड द्यायला नात्यातले माणूस पुढे येते तेव्हा काही जाणते डॉक्टर त्याला एकट्याला आत घेतात. मनातून नको असेल, तर घरच्यांना इतकेच सांगतात, ‘हा दाता योग्य नाही.’ कारण सांगत नाहीत. घर मोडत नाही आणि माणूसही सुटते. कुशीच्या बाबतीतही ‘नापास’ या शब्दाचा असा आडोसा बाईला मिळायला हवा.

उसने आणलेले पातेले रिकामे परत करू नये, अशी आपली रीत आहे. पण पातेल्याला कोणी विचारीत नाही. बाईला विचारायला हवे. तेही सासू, नवरा आणि नणंद यांना बाहेर बाकावर बसवून, दार लोटून घेऊन. सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत स्वस्त. तिला ना सुई लागते ना यंत्र. लागतात फक्त ‘नाही’ ऐकून घेण्याची तयारी असलेले कान.