पुतण्याचा प्रेस

परवा रात्री जेवणं उरकतायत तोवर सांगलीहून वहिनींचा फोन. नेहमीचं पाऊसपाणी नाही, तब्येत नाही, एकदम "भाऊजी, त्याला ते यंत्र घ्यायला तुम्ही सांगितलंत म्हणे!"

सांगितलं होतं खरं. घरातली निम्मी मंडळी इथं लिहिलेलं वाचतात, तेव्हा एकदाच सगळं सांगून टाकतो.

पुतण्या फीनिक्सला असतो, अमेरिकेत. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कुणाबरोबर तो शूटिंग रेंजवर गेला आणि तिथेच रमला. आता महिन्यातून दोनदा ९ एमएम पिस्तुलाच्या स्पर्धा असतात. २०२० मध्ये तिकडे काडतुसांचा तुटवडा झाला, दुकानं रिकामी पडली. तेव्हा त्याच्या क्लबातल्या बुजुर्गांनी सल्ला दिला, की उडवलेल्या पुंगळ्या गोळा कर आणि घरीच पुन्हा भर. पितळेची पुंगळी पुन्हापुन्हा वापरता येते. लागतं ते प्रायमर, दारू, गोळी आणि एक प्रेस. या प्रेसपाशी त्याला काका आठवला.

"काका, तुम्ही आयुष्य प्रेसवर काढलंत. कुठला घेऊ? स्वस्तातला सांगा."

आता साताऱ्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं शीट मेटल ठोकलेल्या माणसाला असं विचारलं तर तो काय गप्प बसणार? मी त्याच्याकडून फोटो मागवले आणि दोन संध्याकाळी बघत बसलो. मंडळी, आमच्याच शॉपची लहान भावंडं हो सगळी! एक साधा, सिंगल स्टेज. त्यात एका वेळी एकच डाय बसते. शंभर पुंगळ्यांचे जुने प्रायमर काढून त्या मापात आणायच्या, मग डाय बदलून शंभरांची तोंडं किंचित फुलवायची, मग दारू, मग गोळी बसवायची. दुसरा टरेट. त्यात सगळ्या डाय वरच्या फिरत्या चकतीत, पुंगळी जागेवर. तिसरा प्रोग्रेसिव्ह. हा तर सरळ आमचा प्रोग्रेसिव्ह डायचा प्रकार, पुंगळ्याच पुढे सरकतात आणि हँडलच्या प्रत्येक खेपेला एक तयार काडतूस खाली पडतं. त्याच्या डोळ्यासमोर हाच होता, डिलनचा. ती कंपनी त्याच्या शेजारच्याच स्कॉट्सडेलची. सेकंडहँड मिळत होता, तरी लीच्या साध्या प्रेसच्या कितीतरी पट किंमत.

पुतण्याला ओतीव लोखंडाचीच बॉडी हवी होती. म्हटलं, पिस्तुलाच्या पुंगळीला जोर तो किती लागणार? लांब रायफलच्या पुंगळीला मापात आणायचं तर उघड्या सी फ्रेमपेक्षा बंद ओ फ्रेम बरी, कारण सी फ्रेम दाबाखाली तोंड उघडते. आमच्या पॉवर प्रेसचंही तेच. पण ९ एमएमला अ‍ॅल्युमिनियमची बॉडीसुद्धा पुरेल. डाय मात्र कार्बाइडची घे, म्हणजे पुंगळ्यांना तेल लावत बसायला नको. आणि दारू मोजायचा काटा चांगला घे, तिथे पैसे वाचवू नकोस.

इथपर्यंत मला मजाच येत होती. मग त्याने सहज सांगितलं, की ९ एमएमच्या पुंगळीत दारू इतकी थोडी असते, की काही प्रकारांत चुकून दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही. आणि पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते. ते न कळता पुढची झाडली तर नळी फुगते, फुटतेसुद्धा.

मी बराच वेळ बोललो नाही.

कारण मला आमची दुसरी पाळी आठवली. कारखान्याचं नाव नको. प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणं होती, हात डायखाली राहू नयेत म्हणून. नगावर पैसे मिळायचे. एका पोराने एक बटण लाकडाच्या पाचरीने दाबून ठेवलं, म्हणजे एक हात मोकळा. दोन बोटं गेली त्याची. पाचर मारलेली मी दोन दिवस आधी पाहिली होती. काढायला लावली नाही, कारण त्या आठवड्यात आमचा आकडा मागे होता. हे घरात कधी सांगितलं नव्हतं.

असो. पुतण्याला त्या रात्री हे सांगितलं आणि म्हटलं, तू साधा प्रेस घे. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या कर, दारू घातल्यावर बॅटरी मारून एकेकीत डोकाव, सगळ्यांत सारखी दिसली तरच गोळी बसव. प्रोग्रेसिव्हवर हे जमत नाही असं नाही, तिथेही लोक डोकावतात, पण हात वेगाला लागला की डोळा कंटाळतो. त्याचं म्हणणं, स्पर्धेच्या आदल्या रात्री चारशे काडतुसं कधी भरू? शेवटी तडजोड झाली, लीचा टरेट. त्यातला चकती फिरवणारा दांडा काढून ठेवला की तो सिंगल स्टेजसारखा चालवता येतो. पहिले सहा महिने दांडा बाहेर, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

वहिनींचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. "हा नादच कशाला? आणि ती कोल्हापूरची राही सरनोबत काय घरी गोळ्या भरते?" नाही भरत, वहिनी. राहीने २०१८ मध्ये पालेमबांगला ज्या २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, त्याला .२२ची काडतुसं लागतात. त्यांचा प्रायमर पुंगळीच्या कडेतच असतो आणि ती कड ठोकरून चेपते, म्हणून त्या पुन्हा भरत नाहीत. शिवाय आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात काडतुसं बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येतच धरली आहेत. तिकडे स्वतःपुरती भरायला चालतात. पोरगा म्हणत होता, "काका, एक जुना प्रेस बघायला आणू का?" म्हटलं, बाबा, फोटोच पाठव.

पण दारू भरणं आपल्या घराला नवीन नाही, हेही वहिनींना सांगितलं. आजोबांकडे शिराळा तालुक्यातल्या गावी ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीचा परवाना. रानडुकरं भुईमुगात शिरायची. आजोबा दारू मोजून ओतायचे, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचे. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, आजीनेसुद्धा. गजावर कानशीने पाडलेली एक खूण होती. नळी रिकामी असली की गज त्या खुणेपर्यंत आत जायचा. खूण वर राहिली, तर बंदूक आधीच भरलेली. भरायच्या आधी दरवेळी गज घालून बघायचे, स्वतः रिकामी केलेली असली तरी. आजोबा गेल्यावर बंदूक जमा केली, गज मात्र कसा कोण जाणे माळ्यावर राहिला.

काल पुतण्याचा फोटो आला. ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या, वरून उजेड. खाली लिहिलंय, "तीन तास लागले काका." तो तसाच सांगलीला पाठवला. दहा मिनिटांनी वहिनींचा निरोप, "शिशाचं काम ना हे? जेवायच्या आधी हात धुतो का विचारा."

विचारलंय. त्याच्याकडे आत्ता रात्र आहे.