जड अ‍ॅम्प्लिफायर

धुळ्याहून रात्री पारोळ्यात परतलो. बसभर मांडीवर जुना पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. पाय बधिर झाले, पण ते वजन ट्रान्सफॉर्मरचं, आणि मला तेच हवं होतं. माझे स्पीकर जेमतेम 84 डेसिबल संवेदनशीलतेचे, त्यात खर्जात 3 ओमपर्यंत उतरणारे. तिथं नुसते वॅट पुरत नाहीत, करंट लागतो. 8 ओमला 100 वॅट देणारा अ‍ॅम्प 4 ओमला दुपटीजवळ जातो का, हे आधी पाहावं. दुकानात झाकण उघडायला लावलं. कपॅसिटर फुगलेले नव्हते. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला: डीसी 12 मिलिव्होल्ट. शंभरावर असता तर रिकाम्या हातानं आलो असतो. रंग उडालाय, उडू दे.

आत्ता भीमसेनजींचा दरबारी लावलाय. तानपुरा भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतोय. आई हातातलं काम टाकून दारातच बसलीय.