कोकणकाठची दैनंदिनी : अंजनवेल आणि समोरचे दाभोळ

शुक्रवार

दाभोळच्या धक्क्याला फेरीबोट लागली तेव्हा भरती चढत होती. टेम्पो, दुचाक्या, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मासळीवाल्या, सगळे एकाच बोटीत. समोरचा धोपाव्याचा धक्का इथून स्वच्छ दिसतो. 2003 मध्ये ही फेरी सुरू झाली. त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर वाशिष्ठीच्या काठाकाठाने चिपळूणपर्यंत जाऊन परत खाली उतरावे लागे. इकडे दापोली तालुका, तिकडे गुहागर.

बोट सुटली तशी वीज प्रकल्पाची धुरांडी दिसू लागली. कठड्याला टेकून उभे असलेले एक वयस्क दाभोळकर मला म्हणाले, ‘‘ती बघा आमची दाभोळ कंपनी.’’ शेजारचा अंजनवेलचा तरुण लगेच वळला. ‘‘काका, जमीन आमची, आंदोलन आमचं, पोलिसांच्या लाठ्या आमच्या. कंपनी तुमची कशी?’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘जगाला नाव कुणाचं ठाऊक होतं, ते सांग.’’ सगळी बोट हसली, तरुणही हसला.

मुद्दा दोघांचाही खरा. एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी उभी राहिली ती खाडीच्या या बाजूला, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या परिसरात. 1995 मध्ये करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, 1999 मध्ये वीज सुरू झाली, 2001 मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या काळात जे ‘दाभोळ’ छापून आले, ते प्रत्यक्षात अंजनवेलच्या बाजूचे सडे होते. 2005 पासून प्रकल्पाचे नाव रत्नागिरी गॅस अँड पॉवर झाले आहे, पण बोटीवर ते कुणी उच्चारले नाही.

शनिवार

सकाळी गोपाळगडावर. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते, नेमक्या त्या तोंडावर हा किल्ला आहे. तटावर उभे राहिले की याचे कारण कुणी सांगावे लागत नाही. दाभोळला आणि आत चिपळूणकडे जाणारे प्रत्येक गलबत इथल्या तोफेच्या नजरेखालून जायचे. जमिनीच्या बाजूला जांभा फोडून खंदक खणला आहे. आत आमराई. हा किल्ला अनेक वर्षे खाजगी मालकीत होता, आता राज्य संरक्षित स्मारक आहे. माझ्या मते ते फार उशिरा झाले. आंग्र्यांच्या आरमाराशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तो कोट इतकी वर्षे सातबाऱ्यावरची बाग म्हणून राहावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मला गड दाखवायला बोटीवरचा कालचाच तरुण आला होता. तो मालवाहू जहाजावर काम करतो, सध्या सुट्टीवर घरी आलाय. तटावरून दाभोळकडे हात करून म्हणाला, ‘‘ते बंदर म्हणून मोठे, पण राखलं कुणी? आम्ही.’’ दाभोळवाले यावर काय म्हणतात, तेही त्यानेच सांगितले : राखायला मुळात आमच्याकडे काही होतं, म्हणून तुम्हाला किल्ला मिळाला!

दोन्ही बाजूंच्या भात्यात बाण भरपूर आहेत. दाभोळ हे बहमनी काळापासूनचे नामांकित बंदर, आदिलशाहीत सुभ्याचे ठिकाण. अंजनवेलकर 1508 ची आठवण देतात, त्या वर्षअखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने दाभोळ जाळले होते. दाभोळकर सिद्दी खैरियतखानाचे नाव काढतात. 1660 च्या सुमारास शिवाजी महाराजांनी हा मुलूख घेतला; पुढे संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत अंजनवेलचा कोट सिद्दीकडे गेला आणि बरीच वर्षे त्याच्याकडेच राहिला. अंजनवेलकरांचे उत्तर तयार असते : तुळाजी आंग्र्यांनी तो परत जिंकला आणि गोपाळगड हे नाव दिले. त्यावर पलीकडून 1755 चा दाखला, तुळाजींवर पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन चाल केली तेव्हाचा. मग अंजनवेलचा हुकमी बाण : पेशवाईत कारभार ‘तालुके अंजनवेल’ या नावाने चालायचा, दाभोळच्या नव्हे.

जहाजावर इंग्रज आणि नॉर्वेजियन अधिकाऱ्यांत अशीच जुंपते, असे तो म्हणाला. निमित्त फुटबॉलचे, पण बोलणे 1066 पासून. त्या वर्षी नॉर्वेचा राजा हाराल्ड इंग्लंडची गादी मागायला गेला आणि यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत मारला गेला. इंग्रज ते विसरू देत नाहीत. नॉर्वेजियनांचे उत्तर 9 सप्टेंबर 1981 चे. ऑस्लोमध्ये त्यांनी इंग्लंडला 2-1 असे हरवले आणि ब्यॉर्गे लिलेलिएन या समालोचकाने नेल्सन, चर्चिल, थॅचर, लेडी डायना अशी एकेकाला हाक मारून तुमची पोरे हरली, असे ओरडून सांगितले. सध्याचा नॉर्वेचा आघाडीवीर हालांड जन्मला मात्र इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, त्यामुळे त्याच्या प्रत्येक गोलवर दोन्ही बाजू हक्क सांगतात. हेच नॉर्वेजियन लोक 1969 पासून दर शनिवारी दूरचित्रवाणीवर इंग्लिश सामने बघत मोठे झाले. महायुद्धात त्यांचा राजा लंडनमध्ये आश्रयाला होता आणि त्या मैत्रीची आठवण म्हणून 1947 पासून दर नाताळला ऑस्लोहून लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एक झाड येते.

मला इथे गाभा सापडला असे वाटते. अनोळखी माणसाला त्याच्या पराभवाची तारीख सांगता येत नाही. ती पाठ असायला त्याचा इतिहास आपलाच मानून ऐकलेला असावा लागतो. या दोन काठांवर शाळेतल्या पुस्तकाहून जास्त इतिहास चिडवण्यातून उतरला आहे, आणि तपशिलात चूक केली की समोरचा लगेच पकडतो.

रविवार

कापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलचा सामना. दाभोळची पोरे सकाळच्या फेरीने आली, पाठोपाठ त्यांचे पाठीराखे. काजूच्या सावलीत टेबल, टेबलावर माईक, माईकवर गावचा समालोचक. कोकणातल्या क्रिकेटमध्ये खेळाडूइतकाच हाही महत्त्वाचा माणूस. पाहुण्यांचा झेल सुटला की ‘आल्मेदा आला वाटतं!’, यजमानांचा त्रिफळा उडाला की पलीकडच्या घोळक्यातून ‘सिद्दी आत शिरला!’ बाया, म्हातारे, शाळकरी मुले, सगळ्यांना संदर्भ कळत होते. शिवी एकही ऐकली नाही.

दाभोळ जिंकले. आमच्या जहाजी मित्राने स्वतः जाऊन माईक दाभोळच्या एका मुलाच्या हातात दिला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितले. मुलाने दम घेतला आणि सुरू केले : ‘‘तुळाजी आंग्रे, ऐकताय का? तालुके अंजनवेलचे कारभारी, ऐकताय का? टाळकेश्वरचे दीपगृहवाले, दिवा लावा, आमची बोट निघाली!’’ सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या अंजनवेलकरांनी. मग पाहुण्यांना चहा-भजी झाली आणि परतीच्या सामन्याची तारीख भरती-ओहोटी बघून ठरली. तो सामना दाभोळला आहे.

उद्या सकाळी गुहागर. व्याडेश्वराचे देऊळ आणि तिथला समुद्रकिनारा पुढच्या अंकात.